परावर्तकोत्पाटन-मीमांसा

मोटारसायकलला कारखान्यातून, विक्रेत्याकडून किंवा रस्ता सुरक्षा अभियानातल्या एखाद्या उत्साही स्वयंसेवकाकडून जे चौकोनी, गोल अथवा लांबट चमकते तुकडे चिकटवले जातात आणि ज्यांना व्यवहारात रिफ्लेक्टर किंवा नुसते रेडियम म्हटले जाते, त्यांना प्रस्तुत विवेचनात परावर्तक ही संज्ञा वापरली आहे. आणि हे तुकडे रंगाला ओरखडा, डाग, फुगवटा वा खपली यांपैकी कोणतीही इजा न होऊ देता वाहनापासून विलग करण्याच्या क्रियेला उत्पाटन. व्याख्येतली इजा न होऊ देण्याची अट वगळली तर या विषयावर लिहिण्यासारखे काहीच उरत नाही, कारण अटीविना होणारे उत्पाटन स्क्रू ड्रायव्हर हाती लागलेला कोणताही आठ वर्षांचा मुलगा करू शकतो आणि घरातले झोपलेले असल्यास करतोही.

जुन्या शास्त्रग्रंथांत आरंभीच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध, म्हणजे ग्रंथ कशाविषयी आहे, कशासाठी आहे, त्यांचा परस्परसंबंध काय आणि तो वाचण्यास लायक कोण, हे सांगून टाकण्याची रीत आहे. यांपैकी विषय सांगून झाला. संबंध चिकटपट्टीचा असल्याने तो पुढे सविस्तर येईल. प्रयोजन मात्र वाटते तितके सरळ नाही. मालकाला विचारल्यास तो 'गाडीचा लूक जातो' असे उत्तर देतो, आणि डौलदार टाकीच्या कुशीला भडक नारिंगी प्लॅस्टिकचा तुकडा खुपतो हे वरवर पाहता पटतेही. परंतु हाच मालक नव्या गाडीच्या सीटवरचे पारदर्शक वेष्टन दोन पावसाळे उलटून त्याच्या चिंध्या लोंबू लागल्या तरी काढत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे 'लूक' हे कारण अपुरे ठरते. वस्तुतः जे कंपनीने झाकण्यासाठी दिले ते कायम ठेवावे आणि जे कायम ठेवण्यासाठी दिले ते काढावे, ही एक स्वतंत्र वृत्ती असून तिचा सौंदर्यशास्त्राशी फारसा संबंध नसावा.

अधिकारी कोण, यापेक्षा अनधिकारी कोण हे सांगणे सोपे. अर्ध्या तासात लग्नाला निघायचे आहे आणि तोवर 'जरा हे एवढे काढून टाकतो' असे म्हणणारा, गुडघ्यावरची खपली सुकण्याची वाट पाहू न शकणारा, आणि मेहुणा समोर उभा असताना हत्यार हाती घेणारा, हे तिघे अनधिकारी समजावेत. यांतला तिसरा सर्वांत धोकादायक, कारण त्याला परावर्तक काढायचा नसतो, काढून दाखवायचा असतो.

विधीपूर्वी निषेध सांगणे प्राप्त आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०४ क्रमांकाच्या नियमान्वये मोटारसायकलच्या मागील बाजूस किमान एक लाल परावर्तक असणे बंधनकारक आहे, तेव्हा मडगार्डावरचा तो लाल तुकडा रसिकाच्या डोळ्यांना कितीही खुपो, त्याला हात लावू नये. अमेरिकेचे १०८ क्रमांकाचे संघीय मानक याहून पुढे जाऊन वाहनाच्या दोन्ही कुशींनाही, पुढे नारिंगी आणि मागे लाल, असे परावर्तक मागते, आणि म्हणून तिकडच्या रसिकांचा सारा रोष पुढच्या शॉकअपवर चिकटवलेल्या नारिंगी तुकड्यांवर केंद्रित झालेला आढळतो. आपल्याकडे रोषाला पात्र असे तुकडे पुष्कळदा हौसेने, अभियानाने किंवा आधीच्या मालकाने लावलेले असतात, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख त्यांच्यावरच आहे. येथे एक विसंगती नोंदवून पुढे गेले पाहिजे. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा निघतात, छायाचित्रे छापून येतात, आणि संध्याकाळपर्यंत मागे लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांआड तो परावर्तक दिसेनासा होतो; म्हणजे जिथे तो जीव वाचवतो तिथे तो झाकला जातो, आणि जिथे तो नकोसा आहे तिथे मात्र मालकाच्या सहनशक्तीपेक्षा अधिक काळ लखलखत राहतो.

आता परावर्तकाची रचना. साध्या आरशावर तिरका पडलेला प्रकाश तिसऱ्याच दिशेला निघून जातो. परंतु एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठांच्या कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही पृष्ठांना शिवून ज्या दिशेने आला त्याच दिशेने माघारी फिरतो. संपादकीय भाषेत सांगायचे तर प्रकाश पाठवणाऱ्यालाच साभार परत होतो, आणि म्हणूनच मागून येणाऱ्या ट्रकचालकाला स्वतःच्याच दिव्याच्या उजेडात पुढची मोटारसायकल दिसते. प्लॅस्टिकच्या परावर्तकाच्या काचेमागे असे बारीक कोपरे ओळीने पाडलेले असतात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावर याच तत्त्वाचे शंभर कोपऱ्यांचे तबक ठेवले, आणि २०२३ मध्ये उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेला आठ कोपऱ्यांचा, जेमतेम दोन इंच रुंदीचा परावर्तक आहे. हे दोन्ही अद्याप जागच्या जागी आहेत, याचे श्रेय तिथे मेहुणे पोहोचलेले नाहीत या वस्तुस्थितीला द्यावे लागेल.

उत्पाटकाच्या, म्हणजे काढणाऱ्याच्या, दृष्टीने या रचनेतली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोपऱ्यांच्या मागे हवा असेल तरच किरण आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो. तिथे डिंक भरला किंवा पाणी शिरले तर परावर्तक आंधळा होतो. त्यामुळे चिकटपट्टी कोपऱ्यांना थेट न लावता मागे प्लॅस्टिकची एक सपाट पाठ जोडून, मध्ये हवा कोंडून, ती पाठ वाहनाला चिकटवतात. परावर्तक हा अशा रीतीने एक पोकळ डबा असतो आणि त्याचा चेहरा पाठीला केवळ कडेने जोडलेला असतो. कडेखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याला क्षणभर जो विजयाचा 'टक्' असा आवाज ऐकू येतो तो हा चेहरा सुटल्याचा. पाठ आणि पट्टी टाकीवर आहेत तशाच राहतात, आणि आता त्यांना धरायला कडही उरलेली नसते. दुसरा प्रकार पातळ पत्र्यासारख्या फिल्मचा, म्हणजे खऱ्या बोलीतल्या रेडियमचा. त्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा त्याहून सूक्ष्म लोलक असतात, आणि चार उन्हाळे खाल्लेली अशी फिल्म सलग कधीच निघत नाही. नखाएवढ्या तुकड्यांनी निघते, आणि प्रत्येक तुकडा हाच शेवटचा असे भासवतो.

संबंधाचा, अर्थात चिकटपट्टीचा, विचार करताना तिच्या इतिहासातला एक योगायोग सांगितला पाहिजे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली. दुसरा रंग मारताना पहिला झाकून ठेवण्यासाठी रंगारी जे कागद चिकटवत, ते काढताना खालचा कोरा रंगही सोलून आणत, आणि त्यानंतर रंगारी जे बोलत ते सेंट पॉल शहरातल्या एका रंगशाळेत सँडपेपरचे नमुने घेऊन गेलेल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने ऐकले. त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप जन्माला आली. म्हणजे गाडीच्या रंगाला चिकटवलेली वस्तू रंगाला धक्का न लावता कशी काढावी, हा प्रश्न चिकटपट्टीला पुढे केव्हातरी पडलेला नसून तो तिच्या जन्माचेच कारण आहे. आरंभीच्या पट्टीला डिंक फक्त कडांना लावलेला असे, आणि 'ही घेऊन जा तुझ्या चिक्कू मालकाकडे, म्हणावं डिंक जरा सढळ हातानं लाव' असे एका रंगाऱ्याने ड्रूला सुनावल्याची आख्यायिका आहे. हा सल्ला उद्योगाने किती मनावर घेतला याची प्रचीती १९८० मध्ये त्याच कंपनीने बाजारात आणलेल्या ॲक्रिलिक फोमच्या दुहेरी पट्टीवरून येते; रिबिटे आणि जोडकाम यांच्या जागी वापरता यावी अशी ही पट्टी, आणि तिच्या जातीच्या पट्ट्या आज परावर्तकांच्या पाठीशी असतात. शासनाचा मात्र डिंकावर अजूनही पुरता विश्वास बसलेला दिसत नाही: एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ज्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटा बसवून घ्याव्या लागल्या, त्यांचा पत्रा परावर्तक असला तरी त्या एकदा बसल्यावर तोडल्याशिवाय न निघणाऱ्या खटक्याने अडकवलेल्या असतात, आणि त्यांच्या उत्पाटनाचा विचार या शास्त्रात नव्हे, दंडसंहितेत करावा.

या पट्ट्यांवरचे द्रव्य दाबसंवेदी असते. म्हणजे ते वाळून कडक होत नाही, पाणी वा उष्णता मागत नाही, नुसते दाबले की पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत उतरते आणि तिथेच राहते. त्याचा स्वभाव द्रवाचाही आहे आणि घनाचाही, आणि कोणता स्वभाव प्रकट व्हावा हे त्याला दिलेल्या वेळेवर व उबेवर अवलंबून असते. थंडीत फोडायला गेलेली गुळाची ढेप हातोडीलाही दाद देत नाही आणि वैशाखात तीच कोनाड्यात आपण होऊन ओघळते, तसा हा प्रकार आहे. याच स्वभावामुळे उत्पाटकांत दोन संप्रदाय पडले आहेत.

पूर्वपक्ष झटकावाद्यांचा. दुःख एकदाच व्हावे, या जखमेच्या पट्टीवरून घेतलेल्या न्यायाने ते कड धरतात, श्वास रोखतात आणि ओढतात. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की निकाल तत्काळ लागतो. यावर सिद्धान्तपक्षाचे, म्हणजे धीम्यांचे, उत्तर असे की झटक्याने ओढलेल्या द्रव्याला वाहायला अवधी मिळत नाही, ते त्या क्षणापुरते घनासारखे वागते, सोलण्यासाठी लागणारा जोर वेगाबरोबर वाढतो, आणि तो सगळा जोर खालच्या रंगावर येतो. रंगाची जाडी येथे ध्यानात घ्यावी. पत्र्यावर आधी प्रायमर म्हणजे अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजात क्लिअर म्हणतात, असा सगळा संसार मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या आसपास भरतो, आणि क्लिअरच्या वाट्याला त्यातले ४०-५० मायक्रॉन येतात. डोक्यावरचा एक केस याहून जाड असू शकतो. मालक ज्याला 'गाडी' म्हणतो त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग एवढाच, आणि झटकावादी पणाला लावतो तोही एवढाच.

धीम्यांचा विधी पाण्यापासून सुरू होतो. परावर्तकाभोवतीची धूळ आधी धुवावी, कारण पुढे दोरा किंवा कार्ड फिरवताना त्याच धुळीचा सँडपेपर होतो. मग ऊब. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून दोन-तीन मिनिटे हलवत धरावा, आणि पृष्ठभाग बोट ठेवता येईल पण ठेवावेसे वाटणार नाही इतका तापला की थांबावे. कारखान्यातल्या हीट गनची हवा ५०० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि साइड पॅनलचे एबीएस प्लॅस्टिक शंभरीच्या थोडे पुढे मऊ पडू लागते, तेव्हा तिच्या वापराने परावर्तक निघतो हे खरे, फक्त पॅनलचा आकार घेऊन निघतो. पेट्रोलच्या टाकीवर मेणबत्ती, लायटर आणि तत्सम ज्योतींचा उपयोग सुचवणाऱ्याशी यापुढे कोणताही शास्त्रार्थ करू नये. टाकीसाठी झाकण घट्ट लावून गरम पाण्यात पिळलेले फडके पाच मिनिटे ठेवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. विदर्भात मे महिन्यात यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. तिथे अकराच्या उन्हात गाडी उभी करावी आणि सावलीत नेऊन काम करावे. महाबळेश्वरकरांनी हा अध्याय डिसेंबरात उघडू नये.

ऊब दिल्यावर फोमच्या पट्टीला ओढायचे नसते, कापायचे असते. दात कोरायचा फ्लॉस किंवा मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी गुळगुळीत दोरा, परावर्तकाच्या वरच्या कडेमागे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा मागेपुढे, अगदी सावकाश आणि रंगाला समांतर ओढत खाली आणावा. फोमच्या मधोमध दोरा उतरत असल्याचे हाताला कळते: आधी किंचित रखडणे, मग एक ओलसर, रबरी सुटकेची जाणीव, आणि मग पुन्हा रखडणे. गजऱ्याचा दोरा मध्येच तुटतो. मांजा वापरू नये. काच लावलेला असल्यास तो रंगावर कायमची सही करतो, आणि नायलॉनचा असल्यास त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, शिवाय संक्रांतीच्या दिवसांत दुचाकीस्वारांच्या गळ्याशी त्याने जे केले आहे ते पाहता त्याला या कामावर बोलावणे औचित्यालाही धरून नाही. रेडियमची फिल्म असल्यास दोऱ्याऐवजी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची कड वापरावी आणि सुटलेले टोक वर न ओढता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ लगटून, मागे नेत राहावे. टोक थंड पडले की पुन्हा ऊब. या टप्प्यावर उत्पाटकाला जो कंटाळा येतो तो विधीचा भाग समजावा.

परावर्तक हाती आला म्हणजे काम संपले, हा समज शेजारधर्मातून पसरलेला आहे. टाकीवर आता डिंकाचा करडा, बोटाला चिकटणारा थर असतो, आणि नेमक्या याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका खाली येतात. 'अहो, थिनर मारा, दोन मिनिटांत निघतं,' हे त्यांचे वाक्य वस्तुतः असत्य नाही. दोन मिनिटांत निघतेच, मात्र काय काय निघते याचा तपशील ते देत नाहीत. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन यांना डिंक आणि रंग यांत भेदभाव करता येत नाही, आणि एबीएस प्लॅस्टिक तर ॲसिटोनमध्ये विरघळते. त्याऐवजी आधी अंगठ्याने डिंक एका दिशेने मळत त्याच्या वळकट्या करून काढाव्यात, किंवा चिकटपट्टीचाच दुसरा तुकडा त्यावर पुन्हा पुन्हा दाबून उचलावा, कारण डिंकाला डिंकाची ओढ अधिक. उरलेल्यासाठी खोबरेल किंवा निलगिरी तेल चोळून दहा मिनिटे मुरू द्यावे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन दिएगोत गंज रोखण्यासाठी चाळिसाव्या खटपटीत साधलेले मिश्रणही चालते, आणि ते बाळगणाऱ्याला घरातल्या प्रत्येक दुखण्यावर तेच सुचू लागते हा त्याचा एकमेव दुष्परिणाम. शेवटी तेलाचा ओशटपणा साबणाच्या पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका हलक्या हाताने घालवावा. हे सर्व पाहून झाल्यावर 'चांगला होता की, काढला कशाला?' असे विचारून काका वर जातात.

मॅट रंगाच्या गाड्यांना येथवरचा विधी लागू, पुढचा नाही. त्यांचा क्लिअर मुद्दाम खरबरीत ठेवलेला असल्यामुळे प्रकाश विखुरतो, आणि रबिंग कंपाउंड किंवा पॉलिश घासले की तो खरबरीतपणा झिजून तिथे एक तुकतुकीत ठिपका तयार होतो, जो परत मॅट करण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही.

जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीबाबत उत्पाटन हे इतिहाससंशोधनाचेही साधन ठरते. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग सहसा डिंकाला सोडतो. परंतु नाक्यावरच्या गॅरेजात घाईने मारलेला दुसऱ्या हातचा रंग नीट न घासलेल्या पृष्ठभागावर नुसता बसलेला असतो, आणि कितीही ऊब व कितीही धीर दाखवला तरी तो परावर्तकाबरोबर निघून येतो. 'सिंगल ओनर, फक्त ऑफिसला वापरलेली, कुठे घासलेलीसुद्धा नाही' या विक्रेत्याच्या निवेदनाखाली मग पुटीचा पांढरा थर, त्याखाली चेपलेला पत्रा आणि क्वचित तिसऱ्याच रंगाची टाकी प्रकट होते. अशा ठिकाणी परावर्तक कुठे लावायचा याचा निर्णय आधीच्या मालकाने सुरक्षेच्या दृष्टीने घेतला होता हे नाकारता येत नाही. फक्त ती सुरक्षा त्याची होती.

आणि सर्व यथासांग पार पडले, एकही ओरखडा उठला नाही, तरी एक फल शिल्लक राहते ज्याची शास्त्राने पूर्वसूचना द्यायला हवी. चार-पाच वर्षे उन्हातल्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा रंग, विशेषतः लाल असल्यास, फिका केलेला असतो, आणि परावर्तकाखालचा तुकडा मात्र शोरूममधून निघाला त्या दिवशीच्या तेजात जसाच्या तसा असतो. परावर्तक निदान रात्री आणि दिवा पडल्यावरच चमकत असे. हा गडद चौकोन दिवसाढवळ्या, तीन मजल्यांवरून आणि कोणत्याही दिव्याविना दिसतो. पॉलिशने भोवतालची वरवरची कळा काही अंशी परत येते, उडालेला रंग येत नाही, आणि चौकोनाला फिके करण्याचा एकमेव ज्ञात उपाय म्हणजे आणखी चार-पाच वर्षे. बहुतेक मालक तितके थांबत नाहीत. ते रविवारी सकाळी रेडियम कापणाऱ्याच्या टपरीवर जातात, चौकोनापेक्षा सर्व बाजूंनी बोटभर मोठे असे 'आई-बाबांचा आशीर्वाद' निवडतात, आणि कारागीर त्यावरून प्लॅस्टिकचे कार्ड जोर देऊन फिरवत, कडा अंगठ्याने दाबत, अभिमानाने सांगतो, 'दोन दिवस पाणी लावू नका, साहेब. मग बघा, कुणाच्या बापाला निघायचं नाही.'